ग्रेटफुल डेडची माझी पहिली दहा गाणी: क्रमवारीची नवी फेरी

ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडच्या गाण्यांना क्रम लावताना एक प्रश्न सतत आडवा येतो: गुण गाण्याला द्यायचे, की ते ज्या रात्री अफाट वाजलं त्या रात्रीला? म्हणून या फेरीसाठी नियम पक्का केला. प्रत्येक गाण्याचं गाजलेलं रेकॉर्डिंग बाजूला ठेवायचं आणि ज्यांची फारशी चर्चा होत नाही अशा, वेगवेगळ्या वर्षांच्या शोमधलं तेच गाणं ऐकायचं. साध्या रात्रीही जे धरून ठेवतं, ते वर. तीस वर्षांत 2,300 च्या वर शो झाले, आणि शो टेप करणाऱ्या श्रोत्यांसाठी बँडने 1984 पासून वेगळी जागाच ठेवली. त्यामुळे साध्या रात्रींची वानवा नाही.

नियमाचा पहिला फटका 'स्कार्लेट बेगोनियाज' आणि 'फायर ऑन द माउंटन' या जोडीला बसला. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली 8 मे 1977 ची जोडी आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेली आहे. बँडची रेकॉर्डिंग करणारी बेटी कँटर हिने केलेलं ते रेकॉर्डिंग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. त्या रात्री एका गाण्यातून दुसऱ्यात जाण्याची जागा इतकी सावकाश उलगडते की 'फायर' नेमकं कुठे सुरू झालं, ते सांगता येत नाही. पण बाकीच्या रात्री हीच जागा बरेचदा घाईने उरकलेली असते, आणि मग 'फायर'चे दोनच कॉर्ड फिरत राहतात. म्हणून ही जोडी मागच्या फेरीतल्या तिसऱ्यावरून सहाव्यावर.

'प्लेइंग इन द बँड' तिसऱ्यावर आलं. 1971 च्या अल्बममध्ये पाच मिनिटांच्या आत संपणारं हे गाणं 21 मे 1974 ला सिअॅटलमध्ये 46 मिनिटं चाललं. तो टेप नियमाप्रमाणे बाद. तरी 1972 ते 1974 मधली कुठलीही रात्र घ्या, दहा मात्रांचा तो रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) सुटला की बँड ओळखू न येण्याइतका लांब जातो आणि तरीही बरोबर त्याच रिफवर परत उतरतो. ते परत येणं ऐकण्यासाठी मी मधला सगळा गोंधळ आनंदाने ऐकतो.

'आइज ऑफ द वर्ल्ड' चौथं. 1973-74 मध्ये शेवटी सात मात्रांचा जो तुकडा वाजायचा, तो पुढे गळला, आणि माझ्या मते गाण्याचा कणाच गेला. नंतरच्या वर्षांत चाल वेगवान झाली, पण शेवट नुसता विरतो. 'वॉर्फ रॅट' पाचवं. यात जॅमला, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवण्याला, जागा कमी आहे, पण गायक-गिटारवादक जेरी गार्सियाचा आवाज थकलेला असला तरी गाण्यातल्या ऑगस्ट वेस्ट या दारुड्याची कहाणी उलट जास्तच खरी वाटते. वाईट 'वॉर्फ रॅट' मी अजून ऐकलेलं नाही.

'डार्क स्टार' पहिल्यावरून दुसऱ्यावर उतरलं, याने अनेकजण चिडतील. 1968 चं तीन मिनिटांहूनही छोटं सिंगल, 'लाइव्ह/डेड' या अल्बमवरचं 23 मिनिटांचं रूप, 27 ऑगस्ट 1972 च्या व्हेनेटामधल्या शोचं रूप: यावर वाद नाही. पण 1974 नंतर बँडने ते क्वचितच काढलं. 1989 मध्ये हॅम्प्टनला परत आणलं तेव्हाचा श्रोत्यांचा जल्लोष अंगावर काटा आणतो. त्यातला बराचसा काटा मात्र वाट पाहण्याचा आहे, वाजवण्याचा नाही.

आणि पहिलं 'बर्ड साँग'. बँडचा गीतकार रॉबर्ट हंटरने हे गायिका जॅनिस जॉप्लिनच्या आठवणीत लिहिलं. 1972 मध्ये ते मोकळं आणि तरंगतं आहे, 1980 च्या अकूस्टिक सेटमध्ये अगदी जवळ बसून वाजवल्यासारखं. 29 मार्च 1990 ला नॅसॉ कोलिझियममध्ये ब्रॅनफर्ड मार्सालिस सॅक्सोफोन घेऊन पहिल्यांदा बँडबरोबर उभा राहिला, तोही याच गाण्यात. ती रात्र मोजली नाही, तरी कीबोर्डवर कोण बसलंय यावरून हे गाणं डगमगत नाही. कीथचा पियानो असो की ब्रेंटचा ऑर्गन, दोन कडव्यांमध्ये गार्सियाची गिटार तीच वाट नव्याने शोधते. इतर कुठल्याही गाण्याबद्दल मला हे इतक्या खात्रीने म्हणता येत नाही.

'टेरापिन स्टेशन' सातवं, 'स्टेला ब्लू' आठवं, 'बॉक्स ऑफ रेन' नववं. शेवटच्या गाण्यात जॅम जवळपास नाहीच, पण बँडचा बेसवादक फिल लेशने मरणाच्या दारी असलेल्या वडिलांना गाऊन दाखवण्यासाठी केलेली ती चाल यादीबाहेर ठेवणं मला जमणार नाही.

दहावी जागा रिकामी आहे. 'द इलेव्हन' 1970 नंतर बंदच झालं, त्यामुळे त्याच्या साध्या रात्री 1968-69 मध्येच शोधाव्या लागतील. समोर आहे 'स्लिपनॉट', आणि 'हेल्प ऑन द वे' व 'फ्रँकलिन्स टॉवर' यांच्या मधल्या त्या शब्दांविना तुकड्याला स्वतंत्र गाणं मानायचं की नाही, ते आधी ठरवायचं आहे. सध्या 1976 चे टेप लावले आहेत.