पाइप ऑर्गनची वही: दोन नळ्या आणि पूर्वेची खिडकी

गेल्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, ‘पुढच्या महिन्यात आठ नळ्या वाजतील.’ वाजताहेत चारच. उरलेल्या चार कपाटावर ऊन-पावसापासून सुरक्षित पडल्यात. त्यांच्या बुचांना गुंडाळायचं मऊ कातडं संपलं, आणि पेटी दुरुस्त करणारे काका म्हणाले, ‘दिवाळीनंतर या.’ पण या चार नळ्यांनीच एवढा घोळ घातला की पाचवी वाजली नाही याचं वाईट वाटलेलं नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी घरीच छोटा पाइप ऑर्गन बनवतोय. पुण्यात ‘ऑर्गन’ म्हटलं की संगीत नाटकातला पायपेटीवाला ऑर्गन डोळ्यांपुढे येतो. त्यात रीड, म्हणजे धातूची पातळ पट्टी, थरथरते. माझा तो नव्हे. माझ्याकडे लाकडी शिट्ट्या आहेत, मोठाल्या आणि वरून बूच मारलेल्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेलं पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन, फेव्हिकॉल, आणि बोहरी आळीत मिळालेला भट्टीचा ब्लोअर. हवेची पेटी चाळीस बाय चाळीस सेंटीमीटरची. तिच्या वर-खाली होणाऱ्या झाकणावर तीन विटा. दाब मोजायला गवंड्यांची लेव्हलची पारदर्शक नळी ‘यू’ आकारात फळीवर ठोकलीय आणि पाण्यात कुंकू कालवलंय. दोन बाजूंच्या पाण्यात साठ मिलिमीटरचा फरक दिसला की समजायचं, विटा काम करताहेत. कीबोर्ड नाही आणि करणारही नाही. झडपा दोऱ्यांनी उघडतात. मला सूर बदलण्यापेक्षा एकाच सुराच्या आत काय चाललंय ते ऐकायचंय.

हे खूळ माझं एकट्याचं नाही. हंगेरियन संगीतकार लिगेतीने १९६७ मध्ये ऑर्गनसाठी ‘हार्मोनीज’ लिहिताना ऑर्गनला मुद्दाम कमी हवा मिळावी अशी व्यवस्था मागितली. त्यासाठी व्हॅक्युम क्लीनरची मोटरसुद्धा त्याला चालणार होती. जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या चर्चमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजची रचना २००१ पासून सुरू आहे ती २६४० पर्यंत चालायचीय. तिथे एक स्वरसमूह वर्षानुवर्षं तसाच वाजत राहतो. त्यांनी आवाज अडवायला ऑर्गनभोवती पारदर्शक पेटी उभारलीय. आमच्याकडे तळमजल्यावरच्या काकूंनी दोनदा वर येऊन विचारलं, ‘अहो, पाण्याची मोटर चालू राहिलीय का तुमची?’

आता मुद्द्याचं. मला दोन नळ्या पांढरी एकच्या खालच्या सा ला, म्हणजे साधारण १३१ हर्ट्झला लावून त्यांच्यात अगदी संथ लहर हवी होती. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत येताना जी ‘वांव-वांव’ ऐकू येते तीच, पण चार सेकंदांत एक. गणिताने अशा बंद नळीची लांबी ६६ सेंटीमीटर येते. तोंडाशी हवा जरा बाहेरपर्यंत हलते, त्यामुळे प्रत्यक्षात बूच साठच्या आसपास बसतं. बूच केसभर सरकवलं की लहर बदलते. सेकंदाला तीन, मग दोन, मग एक. आणि मग गप्प! लहर गायब. बूच आणखी सरकवलं, काही नाही. आणखी सरकवलं, आणि एकदम सेकंदाला दीडच्या वेगाने लहर परत, पण आता पलीकडच्या बाजूने. मधलं सगळं गिळलेलं.

दोन रात्री मी बुचाला दोष दिला, मग हवेच्या गळतीला. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की लहर गायब होते तेव्हा आवाजही बारीक होतो. दोन नळ्या मिळून एका नळीपेक्षा हळू! दोन तोंडांच्या मध्ये लग्नपत्रिकेचा पुठ्ठा धरला तर लहर हजर. पुठ्ठा काढला की पुन्हा चूप. शेजारी ठेवलेल्या, जवळजवळ एकाच सुरातल्या नळ्या एकमेकींना ओढून एकाच सुरात बांधतात. एकीची हवा बाहेर येत असते तेव्हा दुसरीची आत जाते, आणि मूळ स्वर एकमेकांत विरतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय. मी आधी वाचलं असतं तर दोन रात्रींची झोप वाचली असती.

उपाय सोपा: लांब ठेवा. त्यासाठी वॉशिंग मशीनची ड्रेनची नळी आणली आणि मुख्य हवा तिच्यातून सोडली, तर चारही झडपा उघडताच ती नळीच गायला लागली. आतल्या वळ्यांवरून हवा वेगाने गेली की असं होतं. तिचा सूर वाईट नव्हता खरं तर, पण बोलावलं नव्हतं तिला. मग बागेला पाणी घालायचा गुळगुळीत पाइप जोडला. एक नळी कपाटापाशी, दुसरी दीड मीटरवर, पूर्वेच्या खिडकीत. जागा तेवढीच होती, दुसरं कारण काही नाही.

रविवारी सकाळी सव्वासहाला दोन्ही नळ्या चार सेकंदांच्या लहरीवर लावल्या, खिडकीतली किंचित चढी. बुचांना हात लावायचा नाही असं ठरवून चहा ठेवला. सातच्या सुमारास ऊन खिडकीतल्या नळीवर आलं. लहर तीन सेकंदांवर आली, मग दोन. साडेसातला ती सेकंदाला एक झाली होती आणि माझा चहा गार. हवा तापली की सूर चढतो, अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). १३१ हर्ट्झवर दोन नळ्यांत फक्त एका अंशाचा फरक पडला तरी चार सेकंदांची एक लहर तयार होते. बंद नळीत ब्लोअरची हवा तोंडातूनच बाहेर निघून जाते, वर फिरत नाही. त्यामुळे आतली हवा नळीच्या भिंतीबरोबर तापते. हार्मोनियमची रीड ताडून पाहिली, ती जवळपास होती तिथेच.

मी तीन महिने झडपा हळू उघडणारी यंत्रणा बनवत होतो, स्टेपर मोटरसकट. संथ बदल ऊनच करतंय म्हटल्यावर ती आता खोक्यात. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, त्यासाठी घातलेले पैसे आईला सांगितलेले नाहीत.

या आठवड्याचं काम: खिडकीला गोणपाटाचा पडदा, मधोमध वितभर फट ठेवून, म्हणजे ऊन एका वेळी एकाच नळीवर पडेल. तिसरी नळी पंचमाला लावून पडद्याच्या सावलीत. ध्वनिमुद्रण पावणेसहा ते आठ, मध्ये न थांबवता. दूधवाल्याची बेल येईल ती राहू देणार. काकूंना आधी सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, ‘मग पाण्याची मोटर मी आठनंतर लावते.’