बहुसंख्य शिपायांच्या हातातील बंदुका : अमेरिकी संग्रहाची यंदाची नोंद

संग्रहाचा नियम मी पहिल्यापासून एकच ठेवला आहे. अमेरिकेच्या इतिहासातील प्रत्येक कालखंडासाठी एकच बंदूक घ्यायची, आणि तीही त्या काळात सर्वाधिक गाजलेली नव्हे, तर सर्वाधिक शिपायांनी खांद्यावर वागवलेली. त्यामुळे हेन्री रायफल किंवा १८७३ची विंचेस्टर यांवर जीव असलेल्या मित्रांना माझे कपाट रूक्ष वाटते, याची मला कल्पना आहे.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील अस्सल बंदूक माझ्या आवाक्याबाहेरची असल्याने तेथे फ्रेंच शार्लविल बंदुकीची प्रतिकृती ठेवली आहे. फ्रान्सने वसाहतींना पुरवलेल्या या .६९ इंची गारगोटीच्या बंदुकीवरूनच स्प्रिंगफिल्ड येथील सरकारी कारखान्याने १७९५चा पहिला अमेरिकी नमुना घडवला, म्हणून ही जागा रिकामी ठेवण्यापेक्षा प्रतिकृती बरी.

यंदाची मुख्य भर म्हणजे यादवी युद्धातील १८६१च्या नमुन्याची स्प्रिंगफिल्ड. .५८ इंच व्यासाची, आटे पाडलेल्या ४० इंची नळीची ही ठासणीची बंदूक आहे. तिच्यासाठीची पोकळ बुडाची शिशाची मिनिए गोळी गजाने सहज आत उतरते आणि बार होताच बुडाशी फुगून आट्यांत घट्ट बसते, त्यामुळे ठासण्याचा वेग न घटता नेम कितीतरी लांबवर पोचू लागला. एकट्या स्प्रिंगफिल्डला मागणी पुरी करणे शक्य नव्हते म्हणून सरकारने खासगी कारखान्यांना कंत्राटे दिली. माझ्या बंदुकीच्या कळपट्टीवर, म्हणजे घोड्याची कळ बसवलेल्या धातूच्या पट्टीवर, ‘ब्राइड्सबर्ग’ हे नाव आहे. फिलाडेल्फियातील हा कारखाना मूळचा कापडगिरण्यांची यंत्रे बनवणारा. कळपट्टीवरचे आणि नळीच्या बुडाशी असलेले वर्ष जुळते, चाचणीच्या ‘व्ही’ व ‘पी’ या खुणा आणि गरुडाचे मस्तक अजून स्पष्ट आहे, आणि दस्त्याच्या डाव्या अंगाला तपासनिसाच्या आद्याक्षरांचा लंबगोल ठसा बोटाला लागतो. दस्ता कोणी कधी घासून चकचकीत केला असता, तर हा ठसा सर्वांत आधी गेला असता. म्हणून खरेदीच्या वेळी मी नळीच्या आधी लाकूड पाहतो. ही बंदूक मुळात उजळ, पांढऱ्या पोलादाची असे, आणि आज तिच्यावर जी तपकिरी झाक आहे ती काळाने दिलेली आहे. सुटा गंज तेल लावून हलकेच काढला, त्यापुढे हात लावलेला नाही.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे १८५७ साली ज्या एनफिल्डच्या काडतुसांवरून भडका उडाला, तीच १८५३ची एनफिल्ड अवघ्या चार वर्षांनंतर अमेरिकेतील दोन्ही बाजू लाखोंनी आयात करू लागल्या. दक्षिणेच्या बाजूसाठी ती पुढेमागे घ्यावी असा विचार आहे.

यादवी युद्धानंतरची, मागून काडतूस भरायची ‘ट्रॅपडोर’ स्प्रिंगफिल्ड आणि तिच्यानंतर सैन्यात आलेली क्राग रायफल या दोन्ही जुन्याच जागी आहेत. क्रागविषयी नवख्यांसाठी एवढेच, की तिच्यावरील ‘मॉडेल १८९८’ हा ठसा उत्पादनाचे वर्ष सांगत नाही. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यानुसार १८९८पर्यंत तयार झालेली बंदूक प्राचीन वस्तू ठरते, पण हा ठसा असलेल्या बऱ्याच क्राग त्यानंतरच्या आहेत, तेव्हा अनुक्रमांक तपासावा आणि तिथल्या आपापल्या राज्याचा नियम वेगळा पाहावा.

पहिल्या महायुद्धासाठी १९०३ची स्प्रिंगफिल्ड न घेता १९१७ची एनफिल्ड घेतली, यावर पुष्कळ चर्चा झाली. माझा हिशेब सरळ आहे: फ्रान्समध्ये उतरलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी बहुतेकांकडे १९१७चीच रायफल होती. ब्रिटनसाठी रायफली बनवणारी यंत्रसामग्री विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडीस्टोन येथे आयतीच उभी होती. काडतूस तेवढे अमेरिकी केले गेले. शिवाय १९०३च्या स्प्रिंगफिल्ड कारखान्यातील आठ लाखांखालील क्रमांकांच्या रिसीव्हरमधून (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मुख्य धातूच्या सांगाड्यातून) गोळी झाडू नये असे जाणकार सांगतात, ते मला पटते. पोलाद पुरेसे तापले की नाही हे कारागीर त्याच्या रंगावरून ठरवत, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका दिसत असल्याने धातू प्रमाणाबाहेर तापून ठिसूळ होई.

दुसऱ्या महायुद्धातील एम-१ गॅरंड रायफलबाबत माझे मत अनेकांना रुचणार नाही. माझ्या रायफलचा रिसीव्हर १९४३चा आहे, परंतु बोल्ट चालवणारा दांडा मागे ओढला की नळीवर दिसणारे वर्ष १९५०च्या दशकातील आहे. कोणी म्हणतात की त्याच काळाची नळी आणि सुटे भाग शोधून ती ‘शुद्ध’ करावी. लष्करी कार्यशाळेत खोललेल्या बंदुकांचे भाग एकमेकांत मिसळत, कारण ते कोणत्याही रायफलला बसावेत अशीच त्यांची रचना होती. युद्धानंतर तिची दुरुस्ती होऊन ती पुन्हा कामाला लागली, हे सांगणारी नळी काढून टाकून मी काय मिळवणार?

पुढची खरेदी एम-१ कार्बाइन, म्हणजे त्याच युद्धातील आखूड, हलकी रायफल. साठ लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या या शस्त्राच्या मुख्य कंत्राटदारांत विंचेस्टर सोडल्यास मुरलेला बंदूककार नव्हता. जनरल मोटर्सचा इनलँड विभाग, अंडरवुड टाइपरायटर, आयबीएम, इतकेच नव्हे तर ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला अशी ही मंडळी. माझ्या नियमाप्रमाणे सर्वाधिक संख्येची इनलँडच घ्यायला हवी, पण अंडरवुडचा ठसा असलेली एखादी वाजवी किमतीत दिसली, तर नियमाला एकदा मुरड घालण्याची माझी तयारी आहे.