काळाच पाहिजे म्हणणाऱ्या कोल्हापुरात आयब्रो टिंट: माझा अनुभव

कोल्हापुरात कुठल्याही बाईला विचारा भुवयांना रंग कुठला करू, उत्तर ठरलेलं, काळा. केस काळे तर भुवया काळ्याच की, त्यात काय विचारायचं! मी राजारामपुरीत छोटं पार्लर चालवते, थ्रेडिंग, फेशियल, ब्रायडल असं सगळं करते, आणि टिंट, म्हणजे भुवयांच्या केसांना रंग चढवायचं काम, सुरू केलं तेव्हा हा काळा रंगच माझ्यापुढचा मोठा प्रश्न होता, कारण ट्यूबमधला काळा जसाच्या तसा लावला की गव्हाळ चेहऱ्यावर तो जरा निळसर मारतो आणि भुवई स्केचपेनने ओढल्यासारखी दिसते. बाई आरशात बघून "झकास" म्हणते आणि घरी गेल्यावर सासू विचारते, काय गं हे, दृष्ट लागू नये म्हणून केलंस काय.

मी रेफेक्टोसिल वापरते, टिंटचा ऑस्ट्रियाचा ब्रँड आहे, महाग पडतं पण नंबर पाठ झाले की काम सोपं जातं. १ काळा, १.१ ग्रॅफाइट, २ ब्लू ब्लॅक, ३ नॅचरल ब्राऊन, ३.१ लाइट ब्राऊन, ४ चेस्टनट. त्यांची ब्लाँड नावाची पण एक ट्यूब येते, ती सोडून बाकीचे एकमेकांत मिसळता येतात, ब्लाँड हा रंग नाहीच मुळात, ते ब्लीच आहे. साधारण २ सेंटिमीटर क्रीम पिळायचं, त्यात ३ टक्क्यांचा लिक्विड डेव्हलपर, म्हणजे रंग उघडवणारं पेरॉक्साइड, १५ ते २० थेंब, पण कंपनीच्या पत्रकात जे लिहिलंय तेच धरायचं, अंदाजपंचे नाही. वाटी काचेची नाहीतर प्लॅस्टिकची, स्टीलची नको. आणि बाई खुर्चीत बसल्यावरच कालवायचं, कारण डेव्हलपर पडला की रिअ‍ॅक्शन सुरू होते. रंगाचे बारीक कण केसात शिरतात आणि तिथं ऑक्सिडाइझ होऊन मोठे होतात, म्हणून मग धुतलं तरी बाहेर येत नाहीत. तेच वाटीतही चालू असतं, म्हणून वाटीतली पेस्ट बघता बघता काळपट होते, तिच्याकडं बघून शेड ओळखायची नाही. हे मला क्लासमध्ये सांगितलं होतं पण पटलं स्वतः करून बघितल्यावरच.

आता करून बघायचं कुणावर? क्लायंटच्या तोंडावर प्रयोग करायची माझी हिंमत नव्हती. आईच्या डोक्याचे बरेचसे केस पांढरे झालेत, ती रोज सकाळी विंचरून गुंतवळ काढते, तर ते मी डबीत साठवायला लागले. आईला वाटलं हिचं काहीतरी बिनसलंय. पांढरे केस वेगळे काढून त्यांच्या बारीक बटा केल्या, शाम्पूने धुतल्या, कार्डबोर्डला टेपने चिकटवल्या आणि एकेका बटेला एकेक मिश्रण लावलं, तेच मिश्रण ३ मिनिटांनी पुसलेलं, ५ मिनिटांनी, १० मिनिटांनी. पांढऱ्या केसात स्वतःचा रंग नसतो त्यामुळं टिंटचा खरा टोन तिथंच उघडा पडतो. चेस्टनट एकटं लावलं तर चक्क लालसर. नॅचरल ब्राऊन ३ मिनिटांना फिका आणि उबदार, १० मिनिटांना बऱ्यापैकी गडद. म्हणजे एकाच मिश्रणातून नुसत्या वेळेवर दोन-तीन शेड निघतात हे त्या कार्डावर डोळ्यांनी दिसलं, आणि मग मी ट्यूबा वाढवायच्या नादाला लागले नाही. ते कार्ड अजून पार्लरमध्ये आहे, क्लायंटला दाखवते, नुसतं ब्राऊन म्हटलं की बायका घाबरतात पण कार्डावर बोट ठेवून "हा चालेल" म्हणतात.

डोक्याचे काळे केस असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक बायकांना मी आता तीन भाग नॅचरल ब्राऊन आणि एक भाग काळा असं करते. काळा नुसता मागं उभा असल्यासारखा राहतो, पुढं ब्राऊन दिसतो, आणि लांबून बघणाऱ्याला भुवया काळ्याच वाटतात, फक्त जवळून कडक दिसत नाहीत. सावळ्या रंगाच्या बाईला काळ्याचा भाग थोडा वाढवते, आणि नितळ गोऱ्या, ज्यांच्या डोक्याचे केसच मुळात तपकिरी आहेत त्यांना काळा अजिबात नाही, नॅचरल ब्राऊन आणि लाइट ब्राऊन निम्मं निम्मं. हे ठरवताना त्यांना दारात उभं करते, उजेडात. आतल्या रिंगलाइटखाली सगळ्याच गोऱ्या दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून आलेलं असतं तेव्हा तर मी शेड ठरवायला घाईच करत नाही.

कॉलेजच्या मुली वेगळंच मागतात. शिवाजी विद्यापीठातली एक पोरगी हायलाइट्स करून आली, म्हणाली, "ताई, मी उद्या पण येतो पाहिजे तर, पण आयब्रो ब्राऊन करून दे, केसाला मॅच." तिच्या भुवया मूळच्या दाट काळ्या. टिंट रंग चढवतं, उतरवत नाही, त्यामुळं काळ्या केसावर लाइट ब्राऊन लावून काहीच दिसणार नाही, आजूबाजूची लव तेवढी रंगेल. ब्राऊन पाहिजेच असेल तर आधी ब्लीच, आणि डोळ्याजवळ ते मला करायचं नाही. तिला मी सांगितलं, लव रंगवू, म्हणजे भुवई रुंद आणि मऊ दिसेल, तो ब्राऊनपणा तिथून येईल. खूश झाली. लव रंगवायला ३-४ मिनिटंसुद्धा पुष्कळ होतात, लव पटकन रंग धरते.

ह्याच कारणासाठी भुवईची सुरुवात, नाकाजवळची, मी सगळ्यात शेवटी लावते. तिथले केस मऊ असतात, लगेच गडद होतात आणि दोन्ही बाजूंनी चौकोन उभे राहिल्यासारखं होतं. आधी शेपूट, मग कमान, मग पुढचा भाग. मधेच एका टोकावरचं ओल्या इअरबडने पुसून बघायचं, रंग पुरला असेल तर लगेच सगळं काढायचं.

मेहंदीवाल्या बायका म्हणजे वेगळा चॅप्टर. मंगळवार पेठेतल्या एक काकू, डोक्याला वर्षानुवर्षं मेहंदी, केस भगवे-तांबूस आणि भुवया निम्म्या पांढऱ्या. त्यांना काळ्या भुवया केल्या असत्या तर डोकं एकीचं आणि तोंड दुसरीचं वाटलं असतं. तिथं चेस्टनट उपयोगी पडतं, पण एकटं नाही, पांढऱ्यावर ते लाल होतं हे कार्डावर बघितलेलंच होतं. नॅचरल ब्राऊन जास्त, चेस्टनट थोडं, आणि लाली दाबायला ग्रॅफाइटचा अगदी ठिपका. पांढरे केस जाड आणि हट्टी असतात, रंग लवकर घेत नाहीत, म्हणून आधी फक्त त्यांच्यावर लावायचं, ३-४ मिनिटं थांबायचं आणि मग बाकी भुवई. त्याच्याही आधी तेल काढायचं! काकू डोक्याला खोबरेल चोपडून आलेल्या, हात भुवयांवरून पण फिरवलेला, तेलावर टिंट काय चढणार. सौम्य शाम्पूने पुसून, कोरडं करून मग सुरुवात केली. काकूंना एवढं आवडलं की पुढच्या वेळी काकांना घेऊन आल्या, काका म्हणाले मिशी पण करा की ह्याच रंगाची. काकांची मिशी चेस्टनट कशी करू सांगा. त्यांना ग्रॅफाइट आणि ब्राऊन दिलं, थोडी पांढरी झाक राहू दिली, तालमीतून आल्यासारखे ऐटीत गेले.

एका मुलीच्या एका भुवईत कोडाचा डाग होता, तिथले तेवढेच केस पांढरे. डॉक्टरांना विचारून ये म्हटलं, ती विचारून आली. तिथं मी सबंध भुवईला टिंट लावलंच नाही, फक्त त्या पांढऱ्या केसांना बारीक ब्रशने, बाजूच्या केसांशी मिळेपर्यंत थोडं थोडं करत. खाली त्वचेला लागू नये म्हणून ब्रश केसाच्या वरूनच फिरवायचा. वेळ लागला, पण ते काम मला सगळ्यात जास्त आवडलं.

पॅच टेस्टवरून मात्र रोज भांडण. कानामागं नाहीतर कोपराच्या आत मिश्रणाचा ठिपका लावायचा आणि ४८ तास बघायचं. बायका म्हणतात, एवढ्याशा भुवयांना कशाला दोनदा यायचं. मी आधी एकच विचारते, काळी मेहंदी कधी काढलीय का आणि तेव्हा हात सुजला होता का, फोड आले होते का. "व्हय, भावाच्या लग्नात, लई आग झाली" असं कुणी म्हटलं की मी टेस्टसुद्धा करत नाही, सरळ नाही म्हणते. काळ्या मेहंदीत बऱ्याचदा पीपीडी नावाचा डाय असतो आणि टिंटमध्ये त्याच कुळातली रसायनं असतात, एकाची अ‍ॅलर्जी झाली की दुसऱ्याची होऊ शकते. अमेरिकेत १९३३ च्या सुमाराला लॅश ल्युअर नावाचा पापण्या-भुवयांचा डाय आला होता, त्यात हेच पीपीडी, कितीजणींची दृष्टी गेली, एक बाई दगावली, आणि मग १९३८ च्या कायद्यात तिथं कॉस्मेटिक्सवर सरकारचा अंकुश आला. हे मी क्लायंटला सांगते तेव्हा त्या गप्प ऐकतात, आणि घरी डोक्याचा हेअर डाय भुवयांना लावतात त्या तर जास्तच गप्प होतात. त्या डायच्या बॉक्सवर लिहिलेलं असतं भुवया-पापण्यांना लावू नका म्हणून, वाचतंय कोण.

थ्रेडिंग आधी का टिंट आधी, हे पण सगळ्या विचारतात. टिंट आधी. थ्रेडिंगनं त्वचा लाल झालेली असते, त्यावर केमिकल लावलं तर झोंबतं. शिवाय टिंटनं लव दिसायला लागते त्यामुळं कुठलं काढायचं कुठलं ठेवायचं ते नीट कळतं. भुवईच्या कडेनं व्हॅसलीन लावायचं पण केसांना लागू द्यायचं नाही, लागलं तर तिथं रंग बसत नाही. लेन्स असतील तर काढायला लावते. डोळे मिटलेले पाहिजेत आणि त्यावेळी फोन नाही, कितीही महत्त्वाचा असला तरी.

केसावरचा रंग ४ ते ६ आठवडे टिकतो, त्वचेवरचा काही दिवसांत जातो, तेलकट चेहऱ्यावर अजून लवकर. म्हणून पहिल्या दिवशी जे दिसतं ते खरं नाही, दोन-तीन दिवसांनी दिसतं ते खरं. नवरीचं टिंट त्यामुळं मी लग्नाच्या चार-पाच दिवस आधी घेते, पॅच टेस्ट त्याच्याही आधी, म्हणजे हळदीच्या दिवसापर्यंत रंग बसलेला असतो. तरी दर सीझनला एखादी आई येतेच, लग्न परवा, मुलीच्या भुवया आज करून द्या आणि काळ्याच करा, फोटोत उठून दिसल्या पाहिजेत. टेस्ट नाही तर टिंट नाही असं सांगून मी तिला पेन्सिल लावून देते, ब्राऊन आणि काळी दोन्ही मिसळून.