पावसाळ्यात लेन्स बिघडते ती कपाटात

आषाढ लागला की नाशिकच्या हौशी फोटोग्राफर मंडळींचे दोन गट पडतात. एक गट कॅमेरा गळ्यात अडकवून पहिने, त्र्यंबक, इगतपुरीकडे निघतो. दुसरा कॅमेरा नीट बॅगेत घालतो, चेन लावतो, बॅग कपाटाच्या वरच्या कप्प्यात सरकवतो आणि तिला थेट दसऱ्याच्या पूजेला हात लावतो. लेन्सला बुरशी लागते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या गटाच्या.

कारण साधं आहे. बुरशीला तीन गोष्टी मानवतात: ओल, अंधार आणि न हलणारी हवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की लेन्सच्या आतल्या धुळीवर आणि तेलकट थरावर बुरशीचे तंतू पसरायला लागतात. नाशिक शहरात पाऊस इगतपुरीच्या मानाने खूपच कमी पडतो, त्यामुळे ‘आपल्याकडे कुठे कोकणासारखं दमट असतं’ असं वाटतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये शहरातही आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० च्या आसपास रेंगाळते. बुरशीला धो धो पाऊस लागत नाही, रेंगाळलेली ओल पुरते. त्यात कॅमेऱ्याची बॅग म्हणजे फोम आणि कापड, दोन्ही ओल धरून ठेवणारे. बॅग ही कॅमेरा नेण्याची वस्तू आहे, ठेवण्याची नाही.

ठेवायचा कशात? स्वयंपाकघरात डाळी-पिठासाठी मिळतो तसा, झाकणाला रबरी पट्टी आणि चारही बाजूंना क्लिप असलेला १० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात एक बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि दोन-तीन लेन्स आरामात मावतात. तळाला १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून. सोबत आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राहायला हवा.

बुटांच्या खोक्यातली जेलची दोन ग्रॅमची पुडी का चालत नाही, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रतेच्या १० लिटर हवेत पाणी असतं जेमतेम पाव ग्रॅम. तेवढं ती पुडीही शोषेल. पण खरं पाणी हवेत नसतंच. ते पट्ट्यात, कापडी आवरणात, रबराच्या ग्रिपवर असतं, आणि डबा उघडाल तितक्या वेळा नवीन आत येतं. म्हणून जेल भरपूर हवं आणि ओला पट्टा डब्यात नको. उलट ताजं जेल एकदम जास्त घातलं तर आर्द्रता २० पर्यंतही उतरते. महिनोन्‌महिने ३० च्या खाली राहिली तर रबर आणि वंगण सुकण्याची भीती, तेव्हा थोडं जेल काढून घ्यायचं. दोन दिवस आकडा बघितला की अंदाज येतो.

स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्क्यांनी चुकतो, म्हणून आधी त्याचीच परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घालून त्यावर पाण्याचे चार-पाच थेंब टाका. मीठ विरघळायला नको, ओलसर लगदा व्हायला हवा. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे, झालं.

जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात हाताळण्याजोगं नाही. नारिंगी जेल ओल पिऊन हिरवं-काळपट झालं की पुन्हा वाळवता येतं: स्टीलच्या ताटलीत सेंटिमीटरभर थर पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास. कढईत परतणारेही आहेत, पण आच हाताबाहेर गेली की दाणे तडकतात आणि रंग कायमचा जातो. ताटली जेलसाठी वेगळीच ठेवा, तिच्यात नंतर पोहे नकोत. आणि वाळवलेलं जेल झाकणाच्या बरणीत गार करून मग डब्यात घाला, गरम गरम नको.

एक गोष्ट घरोघरी होते म्हणून मुद्दाम लिहितो: कॅमेरा डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवलेल्या कपाटात ठेवू नका. कॅमेरा कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांमध्येही ही सूचना असते, पण ती पानं कोण वाचतं! लेन्सबरोबर आलेली चामड्याची पेटीही डब्याबाहेरच राहू द्या. चामडं हे बुरशीचं आवडतं खाद्य आहे.

चार-पाच लेन्स झाल्या असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली आर्द्रता कमी ठेवणारं कपाट, घ्यावं. वीज नगण्य लागते, ४५ वर लावलं की विसरून जाता येतं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या एका किट लेन्ससाठी मात्र तो खर्च मला पटत नाही. आणि डबा असो की कॅबिनेट, आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम आणि फोकसच्या रिंगा पूर्ण फिरवा, दहा-वीस फोटो काढा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी क्वचितच धरते.

आता जे बाहेर पडतात त्यांच्यासाठी

पावसाआधी धोका असतो तो एसीचा. नाशिकचा द्वारका चौक सोडल्यापासून इगतपुरीपर्यंत गाडीत एसी चालू, कॅमेरा मागच्या सीटवर. काच २० अंशांपर्यंत गार झालेली. बाहेर हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर तिचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे त्याहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमणार. गाडीतून उतरून कॅप काढली की समोरची काच पांढरी होते. ती पुसत राहून उपयोग नाही, कारण काच गार आहे तोवर पुन्हा पुन्हा धुकं धरणार. आणि तेवढ्यात लेन्स बदलली तर तेच पाणी आत सेन्सरवरच्या (प्रतिमा टिपणाऱ्या भागावरच्या) काचेवर. उपाय असा: पोचण्याच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा, किंवा कॅमेरा सुरुवातीपासूनच डिकीत ठेवा, तिथे एसीची हवा फारशी पोचत नाही. दोन्ही जमलं नाही तर कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करूनच बाहेर आणा आणि अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. पाणी मग पिशवीवर जमतं.

‘वेदर सील्ड’ (पाणी-धूळ रोखायला सांधे बंद केलेला) या शब्दावर फार विसंबू नये. बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असेल तर पाणी माउंटमधून, म्हणजे लेन्स जोडायच्या जागेतून, शिरतं. दोन्ही सील्ड असले तरी ते शिंतोड्यांपुरतं. दुगारवाडीच्या धबधब्यासमोर अर्धा तास उभं राहण्यासाठी नाही. झूम करताना नळी बाहेर येणाऱ्या लेन्स तर पंपासारख्या बाहेरची दमट हवा आत ओढतात. तिथे हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप किंवा साधी प्लास्टिकची पिशवी, लेन्स हूडला (लेन्सच्या तोंडावरच्या नळकांड्याला) रबर बँडने घट्ट केलेली, बऱ्याच महागड्या कव्हरांइतकंच काम करते. हूड लावलेलाच ठेवा, तुषार काचेपर्यंत कमी पोचतात. खिशात सुती पंचा असू द्या. मायक्रोफायबर काचेसाठी ठीक, पण बॉडीवरचं पाणी टिपायला पंच्याला तोड नाही. झूमची नळी बाहेर असेल तर ती आधी पुसायची, मगच आत घ्यायची. हे विसरलं तर पुसायला हवं होतं ते पाणी तुम्ही स्वतःच आत ढकलता.

कॅमेरा खरोखर भिजला तर सगळ्यात आधी बंद करून बॅटरी काढा. ‘चालतोय का’ म्हणून बटण दाबून बघण्याचा मोह आवरा, बोर्डवर शॉर्ट होतं ते त्याच क्षणी. कार्ड काढा, सगळी झाकणं उघडी ठेवा, लेन्स वेगळी करून दोन्ही उघडी तोंडं खाली करून ठेवा, खोलीत पंखा लावा आणि किमान एक-दोन दिवस हात लावू नका. हेअर ड्रायर नको, गरम हवा पाणी आणखी आत ढकलते. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा सल्ला हमखास मिळतो. पावसाळ्यात तांदूळ स्वतःच दमट असतो आणि त्याचा पिठूळ भुगा फटींमध्ये जातो. वर सांगितलेला सिलिका जेलचा डबा याच कामासाठी आहे. रामकुंडावर किंवा घाटावर नदीच्या गढूळ पाण्यात पडला असेल तर मात्र वाळवत बसू नका. बॅटरी काढा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला द्या. सिंहस्थाची मुख्य स्नानं श्रावण-भाद्रपदात, ऐन पावसात येतात, तेव्हा घाटावर जाणाऱ्यांनी हे आत्ताच लक्षात ठेवलेलं बरं.

रंगपंचमीच्या रहाडींचं, म्हणजे नाशिकच्या रंगीत पाण्याच्या जुन्या हौदांचं, गणित वेगळं. तिवंध्याच्या रहाडीत लोक धप्पा (उडी) मारतात तेव्हा उडणारं रंगीत पाणी चांगलं लांबवर येतं. चांगली बॉडी तिथे नेऊच नये असं माझं मत; न्यायचीच असेल तर एकच लेन्स लावून, सांधे टेपने बंद करून. कोरडा गुलाल बसला तर तो आधी ब्लोअरने (दाबून हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा, मग मऊ ब्रशने झाडा. ओल्या कापडाने सुरुवात केली तर रंगाचा चिखल होतो आणि तो बटणांच्या कडेने आत बसतो.

सेन्सरवरची धूळ

ही हिवाळ्याची तक्रार. नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पहाटे चापडगावच्या बाजूने जाणारे मातीच्या रस्त्यावर उभे राहून लेन्स बदलतात आणि घरी आल्यावर आकाशात काळपट ठिपके दिसतात. धूळ आहे का हे बघायला छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/१६ किंवा एफ/२२ इतकं लहान करा, आयएसओ १००, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवा आणि स्वच्छ आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. फोटो घेताना कॅमेरा थोडा हलला तरी चालेल, उलट बरंच, भिंतीवरचे डाग पुसट होतात आणि सेन्सरवरचे तसेच राहतात. पाखरांच्या फोटोत, मोठ्या छिद्राला म्हणजे एफ/५.६ ला, हेच ठिपके दिसतही नाहीत, म्हणून लोकांना ते अचानक उगवल्यासारखे वाटतात.

फोटोत ठिपका वर डावीकडे असेल तर समोरून सेन्सरकडे बघताना तो खाली डावीकडे शोधायचा. वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं.

बॅटरी पूर्ण भरून मेनूमधला सेन्सर क्लीनिंगचा पर्याय निवडा; अर्धवट बॅटरीत शटर मध्येच पडलं तर नुकसान मोठं. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने चार-पाच जोरदार फुंका मारा. ब्लोअरचं टोक माउंटच्या आत घालायचं नाही. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण बसतात. कॅनमध्ये भरून मिळणारी दाबाची हवाही नको, तिच्यातलं द्रव काचेवर उडतं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर सेन्सरच्या मापाचा स्वॅब (पुसायची कापडी काडी) घ्या: लहान आकाराच्या एपीएस-सी सेन्सरला १६ मिमी, मोठ्या फुल फ्रेमला २४ मिमी. त्यावर सेन्सरच्याच द्रावणाचे दोन थेंब, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सलग फेर, मग स्वॅबची दुसरी बाजू वापरून परत. तो स्वॅब तिथेच संपला. जास्त द्रावण घातलं की कडेला ओघळ वाळतो आणि धुळीऐवजी डाग मिळतो. आपण पुसतो ती सेन्सरवरची काच असते, प्रत्यक्ष सेन्सर नव्हे, म्हणून फार घाबरायचंही कारण नाही. शटरच्या पात्यांना मात्र बोटही लावू नका.

लेन्सच्या काचेचा क्रमही हाच: ब्लोअर, ब्रश, आणि शेवटी गरज पडली तरच ओलं. थेंब कापडावर टाकायचा, काचेवर नाही, आणि मधून बाहेरच्या कडेकडे गोल पुसत जायचं. शर्टाचं टोक नको. खिडक्या पुसायचा स्प्रेही नको, त्यातलं रसायन काचेवरच्या कोटिंगला (पातळ लेपाला) मानवतंच असं नाही. समोरच्या काचेवर चार कण असले तर फोटोत काहीही फरक पडत नाही, रोज पुसण्याची सवय त्यापेक्षा घातक. मागच्या काचेवरचा बोटाचा ठसा मात्र लगेच काढा, तो फोटोत जास्त जाणवतो.

बुरशी आहे की धूळ?

घरची लेन्स असो वा कुणाची जुनी विकत घेताना असो, तपासणी एकच. दोन्ही कॅप काढा, छिद्र पूर्ण उघडा, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. सुटे ठिपके म्हणजे धूळ. ती प्रत्येक लेन्समध्ये असते, सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले बारीक धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधाळ पडदा असेल तर वंगणाची वाफ काचेवर बसलेली असते. कडेला इंद्रधनुषी चट्टे किंवा बुडबुडे दिसले तर चिकटवलेल्या दोन काचा सुटायला लागल्या आहेत, ती लेन्स घेऊ नका.

बुरशी लागलेली लेन्स उन्हात ठेवण्याचा घरगुती उपाय फसवा आहे. बरेचसे अतिनील किरण काच अडवते, आणि लेन्सने गोळा केलेलं ऊन छिद्राची पाती जाळू शकतं. दुरुस्ती लवकर झाली तर काच स्वच्छ होते. उशीर झाला तर बुरशीतून सुटणाऱ्या आम्लाने कोटिंग खरवडलं जातं. मग धागे निघाले तरी त्यांचे व्रण राहतात. दुरुस्तीला देताना बुरशी कोणत्या काचेवर आहे हे आधी विचारा. पुढच्या किंवा मागच्या सुट्या काचेवर असेल तर काम सोपं आणि स्वस्त. चिकटवलेल्या जोडकाचांच्या मधोमध असेल तर सहसा कुणी हात घालत नाही. १८-५५ सारख्या किट लेन्सच्या बाबतीत दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर जुन्या बाजारात तीच लेन्स कितीला मिळते तेही बघा, पुष्कळदा दुसरी घेणंच परवडतं. ती आणली की आधी डबा.