'द अनडिस्कव्हर्ड कंट्री': निरोप चोख, रहस्य पोकळ

'स्टार ट्रेक' या अंतराळकथांच्या मालिकेतल्या मूळ नटमंडळींचा एकत्र असा शेवटचा चित्रपट, म्हणजे सहावा भाग, ६ डिसेंबर १९९१ ला अमेरिकेत लागला. तेव्हापासून त्याचं नाव आदरानेच घेतलं जातं. सम आकड्यांचे भाग चांगले आणि विषम आकड्यांचे फसलेले, या चाहत्यांच्या जुन्या ठोकताळ्यात तो दुसऱ्या आणि चौथ्या भागाच्या पंगतीला बसतो. कौतुक करणारे सहसा खुनाचं रहस्य, शीतयुद्धाचं रूपक आणि निरोप या गोष्टी पुढे करतात. निरोपाला पूर्ण गुण द्यायला माझी काहीच हरकत नाही. रहस्याचं कौतुक मात्र फुकटचं आहे. आणि रूपक जिथे खरोखर जमलंय, त्या जागेबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी परिस्थिती. १९८९ चा पाचवा भाग आपटला होता. पुढच्या भागात जुने नट घ्यायचेच नाहीत, तरुण नटांना घेऊन एंटरप्राइझ या जहाजाचा कप्तान कर्क आणि त्याचा व्हल्कन (परग्रहवासी) सहकारी स्पॉक यांचे अकादमीतले दिवस दाखवायचे, असा निर्माते हार्व्ह बेनेट यांचा प्रस्ताव होता. तो बारगळला. १९९१ हे मालिकेचं पंचविसावं वर्ष, म्हणून जुन्यांना एकदा शेवटचं बोलवायचं ठरलं, पण हात आखडता ठेवून. खर्च सुमारे २.७ कोटी डॉलर, म्हणजे पाचव्या भागापेक्षा कमी. दिग्दर्शनाला दुसरा भाग करणारे निकोलस मेयर. पटकथा त्यांची आणि डेनी मार्टिन फ्लिन यांची. अंतराळातली बर्लिनची भिंत पडली तर काय होईल, ही मूळ कल्पना स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांची. पैसे वाचवायला तेव्हा चालू असलेल्या 'स्टार ट्रेक'च्याच 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेचे सेट फेरफार करून वापरले गेले. पृथ्वीसह अनेक ग्रहांच्या संघाच्या, म्हणजे फेडरेशनच्या, अध्यक्षांचं पॅरिसमधलं कार्यालय म्हणजे त्या मालिकेतला 'टेन फॉरवर्ड' हा बार. इंजिनरूमही तिथलीच. ज्याला माहीत आहे त्यालाच हे दिसतं, इतरांच्या लक्षातही येत नाही.

कथा सुरू होते स्फोटाने. फेडरेशनच्या जुन्या शत्रूची, म्हणजे क्लिंगॉन साम्राज्याची ऊर्जा ज्या प्रॅक्सिस नावाच्या चंद्रावरून येते, तो बेसुमार खाणकाम आणि निष्काळजीपणामुळे फुटतो. सुमारे पन्नास वर्षांत क्लिंगॉनांचा प्राणवायू संपणार, म्हणून त्यांचे चॅन्सेलर गोर्कॉन शांततेचा हात पुढे करतात. (या स्फोटातून पसरणारं सपाट प्रकाशाचं कडं पुढे इतक्या ठिकाणी उचललं गेलं की १९९७ मध्ये सुधारून आणलेल्या 'स्टार वॉर्स'मध्येही ते आलं.) चेर्नोबिल आणि गोर्बाचेव्ह ओळखायला हुशारी लागत नाही. क्लिंगॉन १९६७ मध्ये मालिकेत आले तेच मुळी सोव्हिएतांची सावली म्हणून. चित्रपटाचं काम चालू असतानाच ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झालं, आणि चित्रपट लागल्यावर वीस दिवसांत सोव्हिएत संघ संपला. या योगायोगाने चित्रपटाला द्रष्टेपणाचं बिरुद मिळालं. ते त्याने कमावलेलं नाही. चेर्नोबिल पाच वर्षांपूर्वी घडून गेलं होतं आणि भिंत दोन वर्षांपूर्वी पडली होती.

कमावलंय ते दुसरंच. शांतता मोडायचा कट इथे एका बाजूचा नाही. स्टारफ्लीट या फेडरेशनच्या अंतराळदलाचा ॲडमिरल कार्टराइट, क्लिंगॉन जनरल चँग आणि रोम्युलन या तिसऱ्या साम्राज्याचा राजदूत नॅनक्लस, एकमेकांवर कवडीचाही विश्वास नसलेली ही माणसं, शत्रुत्व टिकवण्यासाठी मात्र एकदिलाने काम करतात. ज्यांची कारकीर्द वैरावर उभी आहे त्यांना वैर संपण्याची भीती, हे निरीक्षण प्रॅक्सिसच्या रूपकापेक्षा कितीतरी टोकदार आहे. कार्टराइटच्या तोंडी क्लिंगॉनांना आकाशगंगेतली घाण ठरवणारे उद्गार आहेत. ते काम ब्रॉक पीटर्स यांनी केलं. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला, वर्णद्वेषाचा बळी ठरलेला टॉम रॉबिन्सन पडद्यावर उभा करणाऱ्या या कृष्णवर्णीय नटाला ती वाक्यं म्हणणं जड गेलं. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनाही आपल्या माणसांच्या मनात असा द्वेष दाखवणं अजिबात पसंत नव्हतं. २४ ऑक्टोबर १९९१ ला ते गेले आणि चित्रपट त्यांना अर्पण झाला. पण या वादात मेयर बरोबर होते, असंच मला वाटतं. आदर्श माणसांना निरोप देण्यात नाट्य नसतं.

आता रहस्य. कर्कने एंटरप्राइझवर गोर्कॉनला दिलेली मेजवानी संपते आणि तिथून दोन टॉर्पेडो सुटल्यासारखे दिसतात. गोर्कॉनच्या जहाजावरचं गुरुत्वाकर्षण बंद पडतं. चुंबकी बूट घातलेले दोघे मारेकरी आत येतात आणि चॅन्सेलरला फेझरने, म्हणजे किरणांच्या बंदुकीने, मारून निघून जातात. हा प्रसंग आजही बघण्यासारखा आहे. नट तारांवर टांगलेले, आणि हवेत गोळे होऊन तरंगणारं जांभळट रक्त 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या दृश्यपरिणामांच्या कंपनीने संगणकावर बनवलेलं. रक्त लाल ठेवलं असतं तर प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळण्याची भीती होती, म्हणून रंग बदलला. आधीच्या भागांत क्लिंगॉनांचं रक्त लालच होतं, तिकडे काणाडोळा करावा लागतो.

पुढचा तपास 'कसं केलं' या अंगाने नीट बांधलाय. जहाजाच्या नोंदी सांगतात की टॉर्पेडो सुटले, आणि मुख्य अभियंता स्कॉटी मोजायला जातो तर एकही कमी नाही. म्हणजे नोंदी बदलणारा कुणीतरी आतला, आणि गोळा टाकणारं जहाज दुसरंच, एंटरप्राइझच्या पोटाखाली अदृश्य होऊन उभं असलेलं. अदृश्य असताना गोळा टाकता येत नाही हा या विश्वातला जुना नियम, तो इथे पहिल्यांदा मोडतो. बूट फेझरने नाहीसे का केले नाहीत, तर जहाजावर तसा फेझर चालवला की धोक्याची घंटा वाजते. हे तोंडी न सांगता स्वयंपाकघरात एक पातेलं उडवून दाखवलंय. अधिकारी चेकॉव्हला ट्रान्सपोर्टरवर, म्हणजे माणसं क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या यंत्रावर, क्लिंगॉन रक्ताचा डाग सापडतो. बूट ज्या खलाशाच्या कपाटात निघतात त्याचे पाय असे की बूट त्याला होणारच नाहीत. इथवर सगळं ठाकठीक.

घोळ आहे 'कुणी केलं' यात. जहाजावर महत्त्वाचा नवा चेहरा एकच, स्पॉकची शिष्या व्हॅलेरिस. कर्क आपल्या नोंदवहीत क्लिंगॉनांवरचा राग बोलून दाखवतो तेव्हा ती दारात येऊन उभी असते, आणि तीच नोंद पुढे गोर्कॉनच्या खुनासाठी कर्क आणि डॉक्टर मॅकॉयवर चालणाऱ्या खटल्यात चँग वाजवून दाखवतो. चाणाक्ष प्रेक्षकाचं काम तिथेच संपतं. चँगवरही संशय घ्यायला वाव नाही, मेजवानीतच तो खलनायक म्हणून मिरवतो. मूळ विचार व्हॅलेरिसच्या जागी साविकला आणायचा होता. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागात भेटलेली साविक फितूर निघाली असती तर प्रेक्षकाला चटका बसला असता. रॉडनबेरींचा त्याला विरोध होता. नवं पात्र आलं आणि रहस्यातला जीव गेला. किम कॅट्रल यांचं काम चांगलं आहे, पण आपण जिला ओळखतच नाही तिच्या विश्वासघाताचं वाईट किती वाटणार?

त्याहून मोठा डाग वेगळा आहे आणि स्तुती करणारे तो हमखास गाळतात. कटातली नावं काढण्यासाठी कर्कच्या सांगण्यावरून स्पॉक व्हॅलेरिसच्या मनात बळजबरीने शिरतो. ती किंचाळते, सगळे सहकारी गप्प उभे राहून बघतात. निमॉय यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दिसतो, पटकथेत मात्र त्याबद्दल पुढे एक अक्षर नाही. पूर्वग्रहावर इतकं बोलणारा चित्रपट छळावर गप्प बसतो, हे खटकायलाच हवं.

बारीक चुकाही आहेत. वायूंच्या नोंदी घेण्याची मोहीम सुरुवातीला कप्तान सुलूच्या एक्सेलसियर जहाजाची असते. शेवटच्या लढाईत ती उपकरणं एंटरप्राइझवर निघतात, आणि चँगच्या अदृश्य जहाजाच्या धुराचा माग काढणारा टॉर्पेडो त्यांतून तयार होतो. उहुरा शब्दकोश चाळत मोडकंतोडकं क्लिंगॉन बोलते तो प्रसंग विनोदासाठी घातलाय. संपर्क अधिकाऱ्याला शत्रूची भाषा येत नाही हे उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकल्स यांनाच पटलं नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. खटल्यानंतर कर्क आणि मॅकॉयला जिथे डांबतात त्या रुरा पेन्थेच्या बर्फाळ तुरुंगाचा भाग लांबलाय. चँगची शेक्सपिअरची अवतरणं क्रिस्टोफर प्लमर यांच्या आवाजामुळे गोड लागतात, पण लढाईत त्यांचा इतका भडिमार होतो की शेवटी मॅकॉयच वैतागतो. प्रेक्षकाच्या मनातलं तो बोलतो.

एवढं असूनही चित्रपटाचं नाव रास्त का? कारण निरोपाचं काम त्याने भाषणांवर सोडलेलं नाही. तिसऱ्या भागात क्लिंगॉनांनी कर्कचा मुलगा मारला. ते मरताहेत असं स्पॉक सांगतो तेव्हा कर्क म्हणतो, मरू देत. हाच राग त्याच्याविरुद्ध न्यायालयात पुरावा ठरतो. नायकाचा दोष केवळ शोभेला ठेवलेला नाही, सगळी कथा त्याच्या जोरावर पुढे सरकते. स्पॉकचा दोष उलट जातीचा: व्हॅलेरिस व्हल्कन आहे, हुशार आहे, म्हणून त्याने डोळे झाकून भरवसा टाकला. एकाचा पूर्वग्रह द्वेषाचा, दुसऱ्याचा मायेचा. स्पॉकच्या खोलीत दोघे याची कबुली देतात आणि आपण आता म्हातारे, ताठर, निरुपयोगी झालो का, असं विचारतात. कर्कचं काम करणारे विल्यम शॅटनर आणि निमॉय तेव्हा दोघेही साठीचे. पाचव्या भागात वय लपवायची धडपड होती, इथे तेच कथेला लावलंय.

बाकीच्यांनाही नुसतं उभं केलेलं नाही. रक्ताने माखलेले गणवेश स्कॉटीला सापडतात, धुराचा माग काढायची युक्ती उहुराला सुचते, टॉर्पेडोवरची 'शस्त्रक्रिया' स्पॉकबरोबर मॅकॉय करतो. सुलूला अखेर स्वतःचं जहाज मिळतं आणि ऐन लढाईत तोच मदतीला धावतो. प्रत्येकाच्या वाट्याला असं काम आलंय की ते काढलं तर कथा अडेल. शेवटी पडद्यावर सातही नटांच्या सह्या उमटतात, आणि तोवर त्या सह्यांचा हक्क त्यांनी मिळवलेला असतो.

पाहायचा असेल तर आधी दुसरा आणि तिसरा भाग पाहा, नाहीतर कर्कचा राग उसना वाटेल. मूळ मालिका दूरदर्शनवर पाहिलेल्यांनीही हे दोन भाग चुकवू नयेत, कारण मुलगा येतो आणि जातो तो याच भागांत. चित्रगृहातली आवृत्ती ११० मिनिटांची आहे. घरी बघण्यासाठी नंतर निघालेल्या लांब आवृत्तीत कर्कच्या सुटकेची लष्करी योजना आहे, शिवाय शेवटी शांतता परिषदेतल्या मारेकऱ्याचा क्लिंगॉन मुखवटा काढल्यावर आत स्टारफ्लीटचा कर्नल वेस्ट निघतो. बदललेल्या रक्ताच्या रंगाचा तिथे पुरावा म्हणून उपयोग होतो, ही जमेची बाजू. पण ऐन शेवटाला एक नवाच माणूस उलगडून दाखवायचा म्हणजे वेग जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याने ११० मिनिटांचीच घ्यावी.