चाचणी खड्ड्यात आलेले पाणी

बंगल्याच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधायचा तर महापालिकेची परवानगी घ्यावी लागते, हे बहुतेक घरमालकांना सुरुवातीला पटत नाही. पुण्याच्या सहकारनगरमधील ज्या घराविषयी लिहीत आहे, तेथील तलावाच्या आराखड्याचे काम माझ्याकडे होते. घरमालक काका बँकेतून निवृत्त झालेले आणि कागदपत्रांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. तरीही ज्याला छप्पर नाही आणि ज्याच्या भिंती जमिनीच्या वर येत नाहीत त्याला परवानगी कशाला, असा त्यांचा सवाल होता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार जमिनीखाली केलेले बांधकामही परवानगीच्या कक्षेत येते, हे दाखवल्यावर त्यांनी तो मुद्दा सोडला आणि लगेच दुसरा धरला. तलाव घराच्या मागेच हवा, कारण तेथे रस्त्यावरच्या लोकांची नजर पोहोचत नाही.

मागची जागा म्हणजे इमारत आणि कुंपणाची भिंत यांमधील सामासिक अंतर, ज्याला आपण सगळे मार्जिन म्हणतो. तेथे पाण्याची भूमिगत टाकी पूर्वीच मंजूर झालेली असल्याने तलावालाही हरकत नसावी, असा काकांचा युक्तिवाद होता. तेथे आक्षेप निघेल असे मी त्यांना लेखी कळवले होते आणि पुढच्या अंगणाचा पर्याय सुचवला होता, परंतु त्यांच्या आग्रहावरून आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल अशा तलावाचा प्रस्ताव मागच्या जागेसाठीच दाखल झाला.

स्थळपाहणीसाठी महापालिकेचे कनिष्ठ अभियंता आले ते ऑक्टोबरमध्ये. आरसीसी सल्लागारांच्या सांगण्यावरून आम्ही तलावाच्या जागी आधीच एक चाचणी खड्डा घेऊन ठेवला होता. वर भरावाची माती, तिच्याखाली मुरूम, आणि जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर स्थिरावलेले स्वच्छ पाणी, असे त्या खड्ड्याचे दृश्य होते. त्याआधी काही दिवस पाऊस नव्हता. काका मात्र खूश झाले. “बघा साहेब, टँकरचा खर्च वाचला!”

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या आजींनी विचारले, “इथंच खणणार का तुम्ही?” आणि उत्तराची वाट न पाहता त्या सांगू लागल्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा त्यांच्या घरात पाणी फाटकातून येण्याच्या आधी मागच्या फरशीच्या सांध्यांतून वर आले होते. “वरून नाही हो, खालून आलं,” असे त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. कात्रजच्या डोंगराकडून येऊन मुठेला मिळणाऱ्या या ओढ्याने त्या रात्री काठावरच्या वस्त्यांत माणसे नेली. आमचे आवार ओढ्यापासून बरेच अंतर राखून असल्याने ओढ्याचा विचार प्रस्तावाच्या कागदांत कोठेही येत नव्हता. तो आला आजींच्या बोलण्यातून आणि खड्ड्यातून.

अभियंत्यांनी दोन गोष्टी शांतपणे मांडल्या. टाकीवर स्लॅब असतो, त्यावरून माणूस चालतो, प्रसंगी वाहनही जाते; उघडा तलाव झाला की मागची वाट कायमची बंद होते. दुसरे असे की, सामाईक भिंतीचा पाया एक मीटरही खोल नसताना तिला लागून, तळाच्या काँक्रीटसह, 1.6 मीटर खणणे म्हणजे ती भिंत आजींच्या अंगणात पाडण्याची तयारी करणे होय. दोन्ही मुद्दे बिनतोड होते.

तिसरा मुद्दा मी मांडला, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भरलेल्या तलावाच्या वजनाची धास्ती सगळ्यांना असते, पण अशा जमिनीत खरा धोका रिकाम्या तलावाला असतो. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हिशेब मांडला. भिंतींसह तलावाचा तळ सुमारे 37 चौरस मीटर; भूजल तळापेक्षा 1.1 मीटर वर, म्हणजे वर ढकलणारा जोर सुमारे 41 टन. आणि वीस सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे एकूण वजन 36 टनांच्या आसपास. सफाईसाठी पावसाळ्यात तलाव उपसला, तर तो होडीसारखा उचलला जाऊन त्याला तडे जाणार. तळाला दाबमोचक झडप, म्हणजे खालच्या पाण्याचा दाब सोडून देणारी झडप, आणि खडीचा निचरा थर देता येतो, काँक्रीट जाड करता येते. परंतु खोली आणि आकार कमी करणे हा त्याहून सरळ उपाय होता.

इतका वेळ पायरीवर बसून ऐकणाऱ्या काकू तेव्हा बोलल्या. “अहो, मला पोहायचंच नाहीये. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलंय.” एवढी साधी गरज आम्हा कोणाच्याच आराखड्यात नव्हती, कारण काकांनी ती आमच्यापर्यंत पोहोचूच दिली नव्हती.

मग काम झपाट्याने पुढे सरकले. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, सर्वत्र 1.2 मीटर खोल, एका बाजूला कठडा आणि उतरती पायरी असा तलाव पुढच्या अंगणात, सामासिक अंतर सोडून आणि आंब्याच्या मुळांना धक्का न लावता बसला. पाणी 45 हजार लिटरवरून साडेएकवीस हजारांवर आले. उपसलेले क्लोरीनचे पाणी कोठे सोडणार, हा आजींचा प्रश्न उरला होता. पावसाळी गटार शेवटी ओढ्यालाच मिळत असल्याने ते पाणी सांडपाण्याच्या ड्रेनेज वाहिनीला जोडून सुधारित नकाशात तसे दाखवले.

मंजुरी आली. जलधारक काँक्रीटसाठीच्या आयएस 3370 या मानकानुसार रचना करून खोदाई मार्चमध्ये, भूजल खाली गेल्यावर सुरू केली. काकांनी मागच्या जागेतला चाचणी खड्डा बुजवताना मुरूम थरांथरांत ठोकून घेतला आणि त्याचे फोटोही फाईलला लावले.