ताम्हिणीचा पाऊस आणि न लागणारा ब्रेक लाइट

पावसाळ्यात पुण्याहून दुचाकीवर ताम्हिणीला जाणाऱ्यांसाठी लिहितोय. धबधब्यांचं वर्णन फारसं मिळणार नाही. आमचा बराचसा वेळ गाडीच्या मागच्या बाजूला उकिडवं बसण्यात गेला, त्यामुळे माहितीही तिथलीच जास्त आहे.

कोथरूडहून उजाडताच निघालो. माझी गाडी दीडशे सीसीची, पुढे डिस्क, मागे ड्रम. मित्राची गाडी मागे. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि २०२३ मध्ये नवीन पूल सुरू झाला. तेव्हापासून तिथे इतके रॅम्प झालेत की जुना पुणेकरही गोंधळतो, तेव्हा पाट्या वाचतच जा. शनिवार-रविवार असेल तर भूगाव आणि पिरंगुट उजाडायच्या सुमारासच मागे टाका. नंतर तिथे जो खोळंबा होतो, त्यात क्लच दाबून हात भरून येतो.

पिरंगुटचा छोटा घाट उतरल्यावर मित्र शेजारी आला.

“अरे, तू ब्रेक मारतोयस की गिअरवर गाडी हळू करतोयस? मागून काही पत्ता लागत नाही.”

पौडला टपरीवर थांबलो. अशा वेळी जो तो आधी बल्ब बदलायला निघतो. त्याआधी किल्ली फिरवून पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा. मी हातातला ब्रेक दाबला तर चहावाल्या मावशी मागून ओरडल्या, “लागला!” पायातला दाबला तर, “न्हाई लागला. आत्ता बी न्हाई.” एवढ्यात निम्मं काम झालं. एका ब्रेकने लाइट लागतो म्हणजे बल्ब, फ्यूज आणि मागेपर्यंतची वायर शाबूत आहे. दोष दुसऱ्या ब्रेकच्या स्विचमध्ये किंवा त्या स्विचच्या वायरीत. दोन्हींनी लागत नसेल तर मगच बल्ब काढा. सोबत कोणी नसेल तर गाडी भिंतीला किंवा दुकानाच्या काचेला पाठ करून लावा, लाल उजेड पडतो का ते आरशात दिसतं.

मागच्या ब्रेकचा स्विच पेडलच्या वरच्या अंगाला असतो. पेडलपासून एक बारीक स्प्रिंग त्याला जोडलेली असते. पेडल खाली गेलं की स्प्रिंग ताणली जाते आणि लाइट लागतो. नुकत्याच झालेल्या सर्व्हिसिंगमध्ये माझा मागचा ब्रेक आवळला होता. ब्रेक आवळला की पेडल पूर्वीइतकं खाली जात नाही, मग स्प्रिंग पुरेशी ताणलीच जात नाही. ब्रेक झकास लागतो, लाइट मात्र लागत नाही. गॅरेजमध्ये ब्रेक आवळतात आणि स्विच तसाच ठेवतात, हे इतकं सर्रास चालतं की सर्व्हिसिंगहून गाडी घेताना लाइट दाबून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं माझं मत झालंय.

यावर उपाय सोपा. स्विचच्या अंगावर प्लॅस्टिकचा नट असतो. स्विच एका हाताने धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा, म्हणजे स्विच वर सरकतो. स्विचच फिरवलात तर वायरी पिळून तुटतात. पेडल थोडं दाबल्यावर, ब्रेक धरायच्या जरा आधी लाइट लागला की थांबा. जास्त वर घेतलात तर लाइट कायमचा लागून राहील. ते न लागण्याइतकंच वाईट: मागच्याला तुम्ही कधी थांबताय ते कळत नाही, आणि बॅटरी उतरते ती वेगळीच.

नटने काम झालं नाही तर स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवा. लाइट लागला तर स्विच गेला. वायर चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, मात्र लागू देऊ नका, फ्यूज उडेल. पुढच्या लिव्हरखालचा छोटा स्विच बहुधा चिखलपाण्याने अडकतो. लिव्हर दाबल्यावर बारीक ‘टक्’ ऐकू यायला हवं.

पौडनंतर मुळशी धरणाचं पाणी रस्त्याची सोबत करतं. पेट्रोल पिरंगुट-पौडलाच भरा, पुढे मोबाइलला रेंजही धड नसते. ताम्हिणी गावाच्या अलीकडे धुकं असं उतरलं की पुढच्या गाडीचा फक्त लाल ठिपका दिसत होता. तिथे मित्राने पुन्हा हॉर्न मारला. आता ब्रेक दाबला की माझा टेललाइट उजळायच्या ऐवजी मंद होत होता.

हे लक्षण ओळखून ठेवा, कारण यात बल्बचा बहुधा काही दोष नसतो. दोन फिलामेंटच्या नेहमीच्या बल्बवर १२ व्होल्ट २१/५ वॅट लिहिलेलं असतं. ५ वॅट टेललाइटचे, त्याला साधारण ०.४ अँपिअर लागतात. २१ वॅट ब्रेकचे, त्याला पावणेदोन. अर्थिंग म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट. ती गंजली की थोडा करंट कसाबसा जातो, चौपट मागितला की तिथेच अडतो आणि दोन्ही फिलामेंट अर्धपोटी राहतात.

एका शेडखाली गाडी घेतली, मागच्या काचेचे दोन स्क्रू काढले. काचेचं रबर एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि आत चमचाभर गढूळ पाणी साचलेलं. होल्डरच्या तळाशी हिरवट बुरशीसारखा थर. खात्री करायला वायरचा तुकडा होल्डरच्या पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, तर ब्रेकला लख्ख उजेड! पाणी पुसलं, पॉलिश पेपरने होल्डर आणि बल्बचे तळाचे दोन ठिपके घासले, अर्थिंगची वायर चेसीवर जिथे बसते तो बोल्टही खरवडला. बल्ब परत बसवताना त्याच्या बाजूचे दोन खिळे बघा, एक वर, एक खाली असतो. उलटा बसत नाही म्हणून जोर लावाल तर होल्डर मोडेल. फाटक्या रबरावर चिकटपट्टी मारली आणि निघालो.

ज्यांचे बल्ब सारखे उडतात त्यांनी होल्डरची स्प्रिंग ढिली आहे का पाहावं. ती ठीक असेल तर गाडी रेझ करून बॅटरीवर मल्टीमीटर लावावा. साडेचौदा व्होल्टच्या आसपास ठीक, पंधराच्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बघायला हवा.

घाट उतरून माणगावपर्यंत जायचा बेत होता, पण धुक्यामुळे अलीकडूनच वळलो. पावसाळ्यात धबधब्यांवर जायला बंदीचे आदेशही निघतात, आदल्या दिवशी बातम्या बघा. सीटखाली एवढं असू द्या: जादा बल्ब, फ्यूज, हातभर वायर, पॉलिश पेपर, चिकटपट्टी, स्क्रू ड्रायव्हर.

पुण्यात आल्यावर होल्डर आणि रबर नाना पेठेत घेतलं. जाताना जुना होल्डर खिशात घालून न्या. गाडीचं मॉडेल सांगितलं तरी दुकानदार आधी “सॅम्पल आणलंय का?” हेच विचारतो, आणि नुसत्या वर्णनावर घेतलेल्या होल्डरची वायर हमखास बोटभर आखूड निघते.